आधी नमुना, मग नाव

तुर्कमेनिस्तानातल्या मार्जियानात पुरातत्त्वज्ञ व्हिक्तोर सारियानिदी यांनी गोनुर आणि तोगोलोक-21 इथल्या वास्तू खणून काढल्या. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आसपासचा. पांढऱ्या गिलाव्याच्या खोल्या, मोठी भांडी, राख. ही जरथुष्ट्री धर्माच्या उगमकाळातली मंदिरं, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्यातला मुख्य पुरावा भांड्यांतला: एफेड्रा, भांग आणि अफू यांचे अवशेष. म्हणजे त्यांपासून इथे हओम हे जरथुष्ट्री पवित्र पेय तयार होत असे, असं त्यांचं म्हणणं.

पुढे गोनुरच्या भांड्यातले नमुने नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तपासले गेले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ सी. सी. बाकेल्स यांनी 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिप्समच्या थरात दाण्यांचे ठसे होते. ते भांगेचे नव्हते, एफेड्राचेही नव्हते. ते निघाले वरीच्या कुळातल्या एका भरड धान्याचे.

एका दाण्याने एवढा फरक का पडावा? कारण नाव आधी ठरलं की बाकीचं सगळं त्याच्या मागे चालू लागतं. रांजण यज्ञपात्र होतो. राख पवित्र होते. गिलावा केलेली खोली गाभारा ठरते. राख तर चुलीतही असते आणि भट्टीतही. ती वेदीची आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

धान्य सापडलं म्हणून ते मंदिर नव्हतंच, असंही म्हणता येणार नाही. हओमचा पुरावा तेवढा गळाला. पण दाव्याचा मुख्य भार त्याच्यावरच होता. आजही ‘सर्वांत जुनं अग्निमंदिर’ म्हणून ही स्थळं सांगितली जातात. लायडनच्या तपासणीचा उल्लेख मात्र अनेकदा राहून जातो. हे बरं नाही.

अशा दाव्यांनी जरथुष्ट्री धर्म पाळणाऱ्या पारशांचा मान राखला जातो, असं कोणी समजू नये. गुजरातेतल्या उदवाड्याच्या इराणशाह या पवित्र अग्नीपुढे माथा टेकणाऱ्याला मार्जियानाचा दाखला लागत नाही. दाखला लागतो तो इतिहासाला, आणि तो कच्चा असून चालत नाही.

म्हणून उत्खननाचा एक नियम हवा. भांड्यातला गाळ आणि वेदीतली राख यांचा एक वाटा दुसऱ्या प्रयोगशाळेसाठी राखून ठेवावा. तिथला अहवाल येईपर्यंत वास्तूची नोंद ‘वास्तू’ एवढीच करावी. मंदिर म्हणायची घाई तिच्या जुनेपणात एका वर्षाचीही भर घालत नाही.