कारण आणि सबब

मराठीत 'कारण' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एखादी घटना का घडली याचा उलगडा म्हणजे कारण. आणि 'कारणे सांगू नकोस' असे विद्यार्थ्याला बजावतो तेव्हा तेच कारण सबब झालेले असते. या दोहोंतली सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न नीतीइतकाच साहित्याचाही आहे. ख्रिस्ती परंपरेने त्याला दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे, असे मला वाटते.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या अपराधामागोमाग पहिली सबब येते. आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा सर्पाकडे. दोघेही खोटे बोलत नाहीत. सबब पुष्कळदा खरीच असते. तिचा दोष एवढाच, की ती कर्त्याला वाक्यातून उठवून लावते. याउलट लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्र पाहावा. त्या कथेत दुष्काळ पडतो, मुलगा उपाशी राहतो. पण बापापुढे काय बोलायचे ते मनात जुळवताना तो दुष्काळाचे नावही काढत नाही. दुष्काळ निवेदनात आहे, कबुलीत नाही.

हाच विवेक लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आढळतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या लेखिकेला सबबी शोधाव्या लागल्या नसत्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार उन्मळून पडला. पुढे पुन्हा पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. या सोवळ्याचे मूळ वडिलांच्या कमालीच्या शुचिर्भूतपणात होते, हे त्या सविस्तर सांगतात. पण स्वतःच्या शिवाशिवीची जबाबदारी वडिलांवर ढकलत नाहीत. ती स्वतःवर हसत सांगतात, आणि जातिभेद टाकण्याचा निर्णयही, १९०० सालच्या बाप्तिस्म्याआधीच, स्वतः विचार करून घेतात. कारण सांगून झाले तरी 'मी' जागेवर उभा आहे, हे या आत्मकथनाचे बळ आहे. आपण वर्गात तिच्या विनोदाचे कौतुक करतो. त्या विनोदामागची ही नैतिक शिस्त मात्र बहुधा सुटून जाते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. जबाबदारीची ही भाषा दुबळ्यांविरुद्ध सहज वापरता येते. गरिबाला 'तुझे तूच पाहा' म्हणणे सोपे असते. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांधाविषयी विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. म्हणजे इतरांच्या दुःखाला दोषाचे लेबल लावण्याची मुभा ही परंपरा देत नाही. जबाबदारी प्रथमपुरुषातच बोलायची असते. द्वितीयपुरुषात गेली की ती आरोप होते.

नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात. मिस्साच्या प्रारंभी छातीवर हात मारून म्हणायच्या पापनिवेदनात एक लक्षणीय गोष्ट आहे. म्हणणारे अनेक, पण सर्वनाम एकवचनी. केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचाही त्यात उल्लेख असतो. 'आम्ही'च्या गर्दीत लपण्याची सोय तेथे ठेवलेली नाही. याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तिच्यातला श्यामही आपल्या बालपणीच्या चुका मित्रांपुढे मांडतो. तेव्हा ही वृत्ती एकाच धर्माची मिरास नव्हे, हेही खरे.

मराठीत कर्ता अदृश्य करण्याच्या सोयी पुष्कळ आहेत: 'राहून गेले', 'बोलले गेले', 'माझ्या हातून झाले'. व्याकरणदृष्ट्या त्या निर्दोष आहेत. परंतु उत्तरपत्रिका वेळेत न तपासणारा अध्यापक आणि दुसऱ्याचा निबंध उतरवून आणणारा विद्यार्थी, दोघेही त्यांचाच आधार घेतात. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना निदान वाक्यातला कर्ता शोधता यायला हवा, आणि तो सापडल्यावर त्याला त्याच्या जागी बसवताही यायला हवे.