मोजणीतून निसटणारे कण

थेरगावात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजणारे केंद्र आहे. तेथे पीएम २.५ आणि पीएम १० या धूलिकणांचे एका घनमीटर हवेतील वजन कळते. मात्र डांगे चौकातील वाहनांच्या धुरात आणि भोसरी-चाकणच्या वेल्डिंगच्या धुरात असणारे १०० नॅनोमीटरहून लहान कण या वजनात जवळपास दिसतच नाहीत. अडीच मायक्रॉनच्या एका कणाइतके वजन भरायला १०० नॅनोमीटरचे १५ हजारांहून अधिक कण लागतात. वजन तेवढेच, पण एकूण पृष्ठभाग २५ पट. आणि पेशीशी गाठ पडते ती पृष्ठभागाचीच.

श्वासाबरोबर हे कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील द्रवातली प्रथिने कणाला चिकटून त्याच्यावर आवरण तयार होते. हे आवरण पाहून पेशी कणाला ओळखते आणि आपल्या पटलात गुंडाळून आत घेते. कणावर लोह, मँगनीज यांसारखे धातू असतील, तर आत गेल्यावर ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, दाह सुरू होतो. काही कण रक्तातही उतरतात. एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी नॅनोकण हुंगायला दिले. ते रक्तात सापडले आणि तीन महिन्यांनंतरही लघवीत आढळले.

पेशीचा हाच दरवाजा औषधालाही उपयोगी पडतो. थेरगावपासून जवळच, हिंजवडीतील जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए कोविड लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. अशा लसींत नाजूक एमआरएनए पेशीत पोहोचवण्याचे काम स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कणच करतात. म्हणजे दोष आकाराचा नाही. कण कशाचा, किती आणि किती दिवस, यावर सारे ठरते. लशीची मात्रा मोजून, तपासून दिली जाते. धुराची मात्रा कोणी मोजत नाही.

येथेच धोरणातील विसंगती दिसते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांत डिझेल मोटारींनी सोडलेल्या कणांच्या संख्येवर मर्यादा आहे. देशाच्या हवेच्या मानकांत मात्र कणसंख्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाची सरासरी एका घनसेंटिमीटरमध्ये १० हजार कणांपेक्षा जास्त असल्यास ती ‘उच्च’ समजावी, असे सुचवले आहे.

औद्योगिक पट्ट्यात निदान एका केंद्रावर तरी कणसंख्या मोजायला सुरुवात व्हायला हवी. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्येच जाहीर केले आहे. त्यामुळे कारखान्यांनी धूर जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रणा बसवण्यासाठी त्या मोजणीची वाट पाहू नये. कामगारासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हे कण मोठ्या प्रमाणात अडवतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही.