ऑपरेशननंतरच्या कळा आणि आपला हक्क

शिरवळची नीरा ओलांडली की पुणे जिल्हा. मोठे ऑपरेशन निघाले की आपल्याकडची घरे पुण्याची नाहीतर साताऱ्याची वाट धरतात. परत आलेल्या बहिणींकडून आम्ही एकच गोष्ट ऐकतो : रात्रभर कळा येत होत्या, सिस्टरला दोनदा सांगितले, इंजेक्शन आले नाही, आणि घरचे म्हणाले, सब्र कर. डॉक्टरांनी लिहून दिलेले इंजेक्शन का चुकले हे विचारल्याने सब्र मोडत नाही, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. तीन दिवसांनी त्याला पुण्यास आणले. डॉक्टरांनी तासाच्या अंतराने मॉर्फियाची दोन इंजेक्शने सांगितली होती. सहायकाने एकच दिले. तेवढ्यावरच, रीतसर भूल न देता, पाय जोराने ओढून हाड बसवले आणि प्लॅस्टर घातले. त्याच रात्री मुलगा गेला. वडिलांनी दावा लावला. भरपाई मिळाली 3000 रुपये, आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. जोशी विरुद्ध गोडबोले म्हणून वकील मंडळी हा निकाल आजही काढतात.

ते वडील स्वतः डॉक्टर होते. काय विचारायचे, ते त्यांना ठाऊक होते. आपल्याला कागद लागतो. कोणते औषध किती वाजता दिले, हे वॉर्डातल्या तक्त्यावर लिहिलेले असते. 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी नोंदी द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उशाशी बसणाऱ्याने आपल्या वहीतही वेळा टिपाव्यात. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले होते, तेही आधीच सांगावे.

राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची. हॉस्पिटलला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. आणि 2019 च्या कायद्यापासून तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते : ऑपरेशन पुण्यात झाले असले, तरी शिरवळकराला सातारा चालते.