कैरोतील एक फारकत

नस्र हामिद अबू झैद यांनी इस्लाम सोडलाच नव्हता. कैरो विद्यापीठात अरबी साहित्य शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने कुराणाकडे एक संहिता म्हणून, भाषा व इतिहास यांच्या संदर्भात पाहिले, एवढाच त्यांचा अपराध. बढतीसाठी सादर केलेल्या लेखनात पाखंड शोधले गेले आणि १९९५ साली अपील न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाहच रद्द केला. पत्नी इब्तिहाल युनिस यांनी फारकत मागितली नव्हती. ती मागितली होती परक्यांनी! 'हिस्बा'च्या आधारे तेव्हा कोणालाही कोणाच्याही संसारात शिरता येई. अखेर दोघांनी देश सोडून लायडन गाठले.

धर्मत्यागाला शिक्षा असावी की नसावी, यावर आपले विद्वान तावातावाने वाद घालतात. खरा प्रश्न त्याही आधीचा आहे: 'मी मुसलमान आहे' असे सांगणाऱ्याला खोटे ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला कोणी? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अठराव्या कलमाने धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. सौदी अरेबिया तटस्थ राहिला. पाकिस्तानच्या झफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाचाच दाखला देत कलमाचे समर्थन केले. त्याच झफरुल्लांच्या अहमदी पंथाला १९७४ मध्ये त्यांच्याच देशाच्या संसदेने घटनादुरुस्ती करून गैरमुस्लिम ठरवले.