नवे इंजिन आणि बुटीबोरीचा मिस्त्री

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी बुटीबोरीला पोहोचला म्हणजे त्याच्यापुढे दोन रस्ते फुटतात. एक वर्ध्याकडे वळतो, दुसरा हिंगणघाटमार्गे हैदराबादची वाट धरतो. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या मालमोटारी, त्यांनी उडविलेली धूळ आणि रस्त्याच्या कडेची गॅरेजे हे येथील नित्याचे चित्र आहे. अशा गॅरेजांतील मिस्त्री आजवर इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगत आला. आज मात्र टर्बोचार्जर बसविलेली पेट्रोल मोटार समोर उभी राहिली, की तोच मिस्त्री हात आखडता घेतो आणि ‘नागपूरला कंपनीत दाखवा’ असे सांगून मोकळा होतो. हा त्याच्या कसबाचा पराभव नव्हे. जे ज्ञान त्याच्या हाती असावयास हवे, ते त्याच्यापर्यंत पोहोचू दिले गेलेले नाही, हा त्याचा खरा अर्थ आहे.

ही इंजिने आता केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाहीत. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल मोटारींना २००६ पासून अबकारी करात आणि २०१७ नंतर वस्तू व सेवा करात सवलत मिळत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे दर बदलले, तरी ही सीमारेषा कायम राहिली. तेव्हा इंजिन लहान ठेवावे आणि शक्ती टर्बोने वाढवावी, हा मार्ग कारखानदारांना सोयीचा वाटला तर नवल नाही. रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनचे १,१९९ घनसेंटिमीटरचे इंजिन १२० अश्वशक्ती देते; चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कायलॅकचे ९९९ घनसेंटिमीटरचे इंजिन ११५. टर्बो नसलेल्या बाराशे घनसेंटिमीटरच्या इंजिनाकडून सामान्यतः ८०-९० अश्वशक्तीच मिळते.

ही जादा शक्ती फुकट मिळत नाही. एरवी सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका टोकाशी येणाऱ्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ शकते. त्याला आधार असतो तो ऑइलच्या अतिशय पातळ थराचा. या इंजिनाच्या आरोग्याचे मर्म बहुतांशी त्या थरात आहे.

समृद्धी महामार्गावरून वेगाने आलेली मोटार थांबवून तत्क्षणी इंजिन बंद केले, की ऑइलचा प्रवाह थांबतो, तापलेल्या दांड्याभोवती ते करपते आणि बेअरिंग झिजू लागते. एखादे मिनिट इंजिन मंद चालू ठेवणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे. वरच्या गिअरमध्ये, मंद वेगात अ‍ॅक्सिलरेटर जोराने दाबला तर काही इंजिनांत ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते. त्या आघाताने पिस्टनही फुटू शकतो. या दोषाला आळा घालणाऱ्या ऑइलसाठी २०२० मध्ये ‘एपीआय एसपी’ ही प्रत अमलात आली. ती डब्यावर छापलेली असते. पण ऑइल म्हणजे ऑइल, या समजुतीने मिळेल तो डबा ओतला जातो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हवेच्या व्हॉल्व्हवर काजळी साचते. हवेच्या नळीला चीर गेली तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि गाडीचा पिक-अप मरतो. यांपैकी बहुतेक दोष वेळीच ओळखले तर थोडक्यात निभावतात. उशीर झाला तर सबंध टर्बो बदलण्याची पाळी येते.

बुटीबोरीत या साऱ्याला आणखी धार येते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, धूळ बारमाही असते, आणि पाळीवर जाणारा कामगार घर ते कारखाना अशी चार-सहा किलोमीटरचीच फेरी करतो. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते. धूळ, उष्मा आणि लहान फेऱ्या असतील तेथे ऑइल व एअर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावेत, असे कंपन्यांच्या पुस्तिकांतही सहसा लिहिलेले असते. परंतु इंग्रजीत, आणि मागल्या पानांत!

यंत्र विकावयाचे आणि त्याचे ज्ञान मात्र विकणाऱ्यापाशीच ठेवावयाचे, याचा परिणाम काय होतो याचा दाखला जुना आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने टर्बोची ‘जेटफायर’ मोटार आणली. तिला एका खास द्रवाची बाटली वेळोवेळी भरावी लागे. अनेक मालकांनी ती भरलीच नाही; आणि अखेर टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची पाळी कंपनीवर आली. दोष यंत्रापेक्षा अज्ञानाचा अधिक होता.

आपल्याकडे हे अज्ञान काही अंशी जोपासलेले आहे. सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ती खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचा आदेश दिला. पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही उघडले. पण संकेतस्थळ उघडल्याने गॅरेजातील मिस्त्रीच्या हाती स्कॅनर येत नाही. अशिक्षित हातांत हे नाजूक यंत्र गेले तर बिघडेल, असे कंपन्या म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. परंतु हात अशिक्षित आहेत ही जर तक्रार असेल, तर त्यांना शिकविणे हा उपाय आहे, त्यांना दूर ठेवणे नव्हे.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. मोटारीबरोबर मराठी पुस्तिका मिळावी आणि कठीण परिस्थितीतील देखभालीची सूचना पहिल्या पानावर छापावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्वीच पुरा केलेल्यांसाठी या इंजिनांचे अल्पमुदतीचे वर्ग भरवावेत आणि ते रात्रपाळीतही चालावेत. आणि दोषांचे संकेत व दुरुस्तीची माहिती वाजवी शुल्कात स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक करावे.

मालकानेही आपली जबाबदारी ओळखावी. योग्य ऑइल, स्वच्छ फिल्टर आणि थांबल्यानंतरचे एक मिनिट, यांहून अधिक काही हे इंजिन रोज मागत नाही. पण कर्ज काढून मोटार घेणाऱ्या बुटीबोरीच्या कामगाराला हे सांगणारा माणूस त्याच्या घराजवळच्या गॅरेजात असला पाहिजे. प्रत्येक बारीक कुरकुरीसाठी पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन एक दिवसाचा रोज बुडविणे ज्याला परवडत नाही, तो दुरुस्ती पुढे ढकलतो. आणि या इंजिनात पुढे ढकललेली दुरुस्ती अखेर त्याच्याच खिशातून दामदुपटीने वसूल होते.