रक्त ‘भरपूर’ म्हणजे चांगलेच, असे नाही

१४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासतात. १२.५ च्या खाली निघाले तर परत पाठवतात, पालेभाजी खायला सांगतात. पण एखाद्याचे १८ निघाले तर आपण त्याची पाठ थोपटतो : ‘रक्त भरपूर आहे गड्याचं!’ आमचा आक्षेप या पाठ थोपटण्याला आहे.

अॅनिमिया आपल्या घराघरात, विदर्भात सिकलसेलही ओळखीचा. त्यामुळे रक्ताचा आजार म्हणजे रक्त कमी, हेच डोक्यात बसले आहे. पण हाडांच्या आत, मज्जेत, रक्तपेशी तयार होतात आणि क्वचित एखाद्या मूळ पेशीत बिघाड होऊन त्या गरजेपेक्षा जास्त बनू लागतात. तांबड्या पेशी वाढल्या की पॉलिसायथेमिया व्हेरा, प्लेटलेट वाढल्या की इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया. रक्तात गुठळी होते. लकवा किंवा हार्ट अटॅक हीच कधी पहिली खूण ठरते.

त्याआधीच्या खुणा आपण ‘उष्णता’ म्हणून सब्जा पिऊन सोडून देतो. चेहरा लालबुंद, तळपायांची आग, सतत डोकेदुखी, पांथरी वाढल्याने डाव्या बरगडीखाली जडपणा. अंघोळीनंतर पुरळ नसताना अंगभर खाज सुटते. लोक साबण बदलत राहतात.

प्रत्येक वाढलेला आकडा हा आजार नव्हे. विडी-सिगारेट, फुप्फुसाचा विकार, अंगातले पाणी कमी होणे, यांनीही हिमोग्लोबिन चढते. पण पुरुषात १६.५ च्या वर, बाईत १६ च्या वर किंवा प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर पुन्हा पुन्हा येत असतील, तर सीबीसीचे जुने-नवे सगळे रिपोर्ट घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जावे. मनाने लोहाचे टॉनिक घेऊ नये. पॉलिसायथेमियाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत २००५ साली सापडलेला जॅक-टू या जनुकातला बदल दिसतो.

हा रक्ताच्या कॅन्सरचाच, पण बहुधा संथ चालणारा प्रकार. पॉलिसायथेमियात ठरावीक काळाने रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवतात, डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन देतात, काहींना हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल. उपचारावर माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करतात. आणि हा बदल सहसा जन्मानंतर होतो. सिकलसेलसारखा आईबापांकडून येत नाही. तेव्हा मुलीच्या सोयरिकीत कुजबुज नको.

विहारात शिबिर घेणाऱ्या मंडळांना आमची विनंती : कमी आकड्यांची यादी करता, तशी १६.५ च्या वरच्यांचीही करा आणि आठवड्याभरात त्यांची सीबीसी झाली का, ते घरी जाऊन विचारा.