पाचशेच्या बाँडावर लग्न मोडत नाही

लोह्यात कुणाच्या लेकीचं नांदणं बिघडलं की आधी पाव्हणे बसतात. दोन्हीकडचे चारचार जाणते, गावातला एखादा पुढारी, चहा. संध्याकाळपर्यंत रक्कम ठरते, आंदणातलं कपाट अन्‌ भांडी टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या दिवशी टायपिंगवाल्याकडे बाँड लिहिला जातो. मजकूर त्याला पाठच असतो, फक्त नावं बदलायची. उभयतांचं पटत नसल्यानं राजीखुशीनं फारकत घेत आहोत, लिहून देणारीचा यापुढे खावटीवर कसलाही हक्क राहिला नाही, दोघंही दुसरं लग्न करण्यास मोकळे आहेत. खाली सह्या, अंगठे, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. पूर्वी हे शंभरच्या बाँडावर व्हायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारनं बाँड पाचशेचा केला. कागद महागला, पण त्यानं लग्न आधीही मोडत नव्हतं आणि आताही मोडत नाही.

या कागदाची बाजू घेणारे काही वेडे नाहीत. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की आमच्यात काडीमोड पिढ्यानपिढ्या चालत आलाय, कोर्ट काल आलं. यात खरं आहे ते आधी मान्य करतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भटक्या जमातींच्या जातपंचायती भरायच्या आणि लग्नाचे, सोडचिठ्ठीचे निवाडे तिथं व्हायचे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं होणारा घटस्फोट मोडीत काढलेला नाही. कलम 29 मध्ये त्याला जागा ठेवली आहे. पण ज्याला रूढीचा आधार घ्यायचा, त्यानं ती रूढी आपल्या जातीत जुनी आहे, अखंड चालत आलेली आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली हे स्पष्ट सांगितलं. बैठकीतल्या किती जणांना हे सिद्ध करता येईल? बहुतेकांच्या जातीत अशी रूढी असल्याचा पुरावाच नसतो, असते ती सवय. आणि कोर्ट काल आलं म्हणावं, तर जातीला लग्न रद्द करण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 1876 सालीच सांगून ठेवलंय. तेव्हा आपला हा मुलूख निजामाकडे होता, एवढीच काय ती सबब.

नोटरीच्या शिक्क्याचं तर विचारूच नका. नोटरी म्हणजे न्यायाधीश नव्हे. बाँड महागला त्याच ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या विधी विभागानं नोटऱ्यांना लेखी बजावलं, की लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करणं हे तुमचं काम नाही.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे: कोर्टाची पायरी चढलं की वर्षं जातात, घर विकावं लागतं. वर्षं जातात हे मी नाकारत नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा, असं कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव निराळा असतो. पण दोघांचं खरंच राजीखुशीचं असेल, तर कलम 13-ब आहे. वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्यानं मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हायचं. योग्य प्रकरणात हे सहा महिनेही माफ करता येतात, हे 2017 मध्ये ठरलं. एवढंही थांबायची तयारी नसेल, तर ती राजीखुशी कसली?

खर्चाचं म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी आणि छळाच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फीही नाही. ही माफी 1994 पासून आहे. दावा सासरच्या गावीच लावावा लागतो, हाही गैरसमज. 2003 पासून ती माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टात जाऊ शकते. फुकटचा वकील प्रत्येक वेळी मन लावून लढतो, असं मात्र मी म्हणणार नाही. तो पटला नाही तर बदलून मागता येतो.

आता त्या बाँडातली सगळ्यात घातक ओळ पाहू: खावटीवर हक्क राहिला नाही. लिहून दिलं म्हणजे संपलं, असं बाईला वाटतं आणि ती पुढं मागतच नाही. पोटगी सोडण्याचा असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, त्यामुळे तो तिला अडवू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये म्हटलं. तरी तो कागद नडतोच. आपसांतल्या संमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही, असं एक पोटकलम कायद्यात आहे. नवऱ्याचा वकील बाँडातला ‘राजीखुशीनं’ हा शब्द तिथं नेमका पुढं करतो. पाव्हण्यांनी भलेपणानं घातलेला शब्द लेकीच्याच अंगावर येतो.

नवऱ्याकडच्यांनीही खूश व्हायचं कारण नाही. बाँडाच्या भरवशावर पोरानं दुसरं लग्न केलं आणि पहिलीनं तक्रार केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पुढं तो गेला की सातबाऱ्यावर वारस म्हणून पहिलीचं नाव लागतं आणि दुसरी हातात बाँड घेऊन तलाठ्यापुढं उभी राहते.

म्हणून लेकीच्या बापाला माझं सांगणं आहे. बैठकीला जा, बोलणं करा, पण सही करू नका. आधी कागद गोळा करा: लग्नाची पत्रिका, फोटो, सोन्याच्या पावत्या, आंदणाची यादी. अंगावरचं स्त्रीधन तिचंच आहे, ते सौद्यात धरायचं नसतं. लेकरू पाच वर्षांच्या आतलं असेल तर कायदा ते साधारणपणे आईजवळच ठेवतो. ताब्याचं बैठकीत लिहून देऊ नका. जावई म्हणेल, शेती वडिलांच्या नावावर आहे, मला उत्पन्नच नाही. लोह्यात ही तक्रार नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालानं दोघांनाही मिळकतीचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे बैठकीत घालवलेला प्रत्येक महिना लेकीच्या हिशेबातून जातो. सातबारा, आठ-अ आणि कारखान्याच्या उसाच्या पावत्या जमवून ठेवा.

मोफत वकिलासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा नांदेडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. फोन करायचा तर 15100. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेतात. अर्ज साध्या कागदावर चालतो, त्याला बाँड लागत नाही.